मस्तुरा-ओपाचे ओले हात

नागरिक हाकिमोवा मस्तुरा, स्त्री, विधवा, निवृत्तिवेतनधारक, राहणार मर्गिलान शहर, तुतीच्या बागेमागचा मोहल्ला, हिच्याविषयी सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर नागरिकेचे शिक्षण आठवी उत्तीर्ण असून तिने रेशीम गिरणीच्या दवाखान्यात सुया व सिरिंजा उकळण्याच्या पदावर, गिरणी बंद पडेपर्यंत, अखंड सेवा केलेली आहे. सदर पदास सुई टोचण्याचा अधिकार नव्हता व नाही. सदर नागरिकेकडे वैद्यकीय, निमवैद्यकीय अथवा तत्सम कोणतीही सनद नाही. तथापि मोहल्ल्याच्या हद्दीत राहणाऱ्या यच्चयावत प्रौढ रहिवाशांच्या पार्श्वभागाच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशाशी तिचा व्यक्तिशः परिचय आहे. वर्तणूक: चांगली. हात: हलका.

शेवटची नोंद सरकारी भाषेत बसत नाही, हे मान्य. पण मोहल्ला समितीच्या अध्यक्षांना विचारलं असतं, तर त्यांनी बाकीचं सगळं खोडून तेवढीच ठेवली असती. त्यांचाही परिचय होता.

हलका हात म्हणजे काय, हे मर्गिलानमध्ये कुणी कुणाला समजावत नाही. एकीने टोचलं की माणूस आठवडाभर लंगडतो, दुसरीने टोचलं की विचारतो, "झालं?" औषध तेच, सुई तीच. मस्तुराच्या हाताने दिलेलं इंजेक्शन दुखत नाही, त्याची गाठ होत नाही, आणि मुख्य म्हणजे ते लागू पडतं. औषध कंपनीचं, पण गुण मस्तुराचा, असा मोहल्ल्याचा सरळ हिशेब. मोहल्ला तिला ओपा म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयाने मोठी माणसंही म्हणतात. सुई हातात असलेल्या बाईला धाकटी कोण म्हणणार?

वसंत आला, जर्दाळू फुलले, की मोहल्ल्याला जीवनसत्त्वांची तहान लागते. ज्याला त्याला लाल कुपीतलं इंजेक्शन हवं असतं. लाल आहे, म्हणजे रक्त होणार. पिवळं आहे, म्हणजे यकृतासाठी. पांढऱ्यावर फारसा कुणाचा भरवसा नाही. गोळ्या मुलांसाठी आणि रशियनांसाठी. मोठ्या माणसाने आजारपण काढलं आणि सुई घेतली नाही, तर लोक विचारतात, "मग आजारी कशाला पडलात?"

शेजारच्या मोहल्ल्यात टोचणारी दुसरी एक बाई आहे, तिचं नाव घ्यायचं कारण नाही. तिच्या गिऱ्हाइकांच्या गाठी होतात. मग काडीला कापूस गुंडाळून गाठीवर आयोडीनची जाळी काढायची, उभ्या रेघा, आडव्या रेघा, गणिताच्या वहीसारखी. त्यावर कोबीचं पान ठेचून बांधायचं. त्या मोहल्ल्यात वसंतात कोबी महाग होतो. मस्तुराच्या गिऱ्हाइकांना कोबी लागत नसे. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती फार सभ्यपणे, दिवसातून पुष्कळदा व्यक्त करत असे.

"आई, तुम्ही कोबी आणायला गेलात तरी लोकांना वाटतं शेजारणीला टोमणा मारताय," तिची सून नाफिसा म्हणायची.

"मी कशाला मारू?" मस्तुरा म्हणायची. "कोबीच बोलतो."

सुईचा मोबदला ती घेत नसे. नान, बशीभर मनुका, झग्याचं कापड, असलं काही दारात ठेवलेलं सापडे. पण खरी कमाई वेगळीच. नवरा गेल्यावर, गिरणीही गेल्यावर, मोहल्ल्यातल्या बाईचं काय उरतं? ती कुणाची तरी सासू उरते. मस्तुरा मात्र दुपारी हातात छोटी पेटी घेऊन गल्लीतून निघाली, की चायखान्यातले पुरुष खाटेवर सरळ बसत. काही जण तर उठूनच उभे राहत. त्यांना कालच दिलेलं असे.

आता एर्गाश-अका; अका म्हणजे थोरला भाऊ.

एर्गाश-अका आचारी. आचारी म्हणजे हॉटेलातला नव्हे, लग्नातला. मर्गिलानमध्ये लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता पुरुषांना पुलाव घालतात, आणि शहरातल्या निम्म्या संसारांची सुरुवात एर्गाश-अकाच्या कढईपासून झालेली आहे. ते नीट चालले नाहीत, तर दोष अर्थात तांदळाचा नव्हे. उंचीने बेताचा, रुंदीने सढळ, आणि डाव्या खांद्यावर पंचा. हा पंचा साधा नव्हे. त्याच्या उस्तादाने त्याला कढई सोपवली तेव्हा भर मंडळींत, दुवा मागून, स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला बांधलेला. पुढे कंबर वाढली आणि पंचा खांद्यावर आला. मुळात तो पांढरा असावा, याचा पुरावा एका कोपऱ्यात शिल्लक होता. बाकी भागात गाजराचा पिवळा, जिऱ्याचा तपकिरी आणि मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा एक गंभीर असा करडा. सुरी त्याच पंच्याला, कपाळ त्याच पंच्याला, कढईची कड त्याच पंच्याला. तो पंचा धूत नसे असं नाही. धुवायचा, पण फार धुतला तर उस्तादाची बरकत निघून जाईल, म्हणून बेताने.

कढईचं झाकण उचलून उचलून एर्गाश-अकाची कंबर गेली होती, म्हणून त्या वसंतात त्याने लाल इंजेक्शनांचा कोर्स लावला. मस्तुरा रोज दुपारी जायची. रोजची पद्धत ठरलेली: अंगणात एर्गाशची सून झारी घेऊन उभी, खाली तस्त, मस्तुरा साबणाने कोपरापर्यंत हात धुणार, तीच घरच्या संदुकीतून काढलेला घडीचा रुमाल पुढे करणार. धुतलेले हात झटकायचे नाहीत. पाण्याचे थेंब ज्या घरात उडाले त्या घरातून बरकत उडते. हात झटकणारा पाहुणा तर तोंडावर सांगूनच गेला की तुमच्या घरात हात पुसायला चिंधी नाही. हे मर्गिलानचं मूल चालायला लागायच्या आधी शिकतं.

त्या मंगळवारी सून माहेरी गेलेली. एर्गाशची बायको झुम्राद बाजारात. घरी एकटा एर्गाश-अका, गाजरं चिरत बसलेला.

"या ओपा, या! आज मीच सून," असं म्हणून तो उठला, झारी घेतली, आणि एवढ्या मोठ्या आचाऱ्याने स्वतः वाकून मस्तुराच्या हातांवर पाणी घातलं. कमरेतून कळ आली तरी घातलं. मस्तुरा संकोचली. हा मान मुल्लालासुद्धा मिळाला नव्हता. तिने साबण लावला, नखं घासली, कोपरापर्यंत धुतलं. गिरणीच्या दवाखान्यातली जुनी डॉक्टरीणबाई पाहत असती तर तिने मान हलवली असती. आणि मग एर्गाश-अकाने झारी खाली ठेवली, डाव्या खांद्यावरून पंचा उतरवला, दोन्ही हातांवर आडवा धरला आणि पुढे केला.

"उस्तादाचा आहे," तो म्हणाला. "तुम्हालाच फक्त."

मस्तुराने पंच्याकडे पाहिलं. पंच्याने, म्हणजे त्यातल्या करड्या भागाने, मस्तुराकडे पाहिलं. हात झटकावेत, तर घराचा अपमान. स्वतःच्या झग्याला पुसावेत, तर मयत उस्तादाचा अपमान. तिने हात पुसले. सौजन्याने पुसले, म्हणजे बोटांच्या फटींतूनसुद्धा. मग त्याच बोटांनी कुपी फोडली, सुई बसवली, कापसाचा बोळा भिजवला आणि टोचून झाल्यावर तोच बोळा दाबून धरला.

"झालं?" एर्गाश-अका म्हणाला.

"झालं," मस्तुरा म्हणाली. आणि घरी जाताना का कोण जाणे, तिने वाटेतल्या पाटात पुन्हा हात धुतले.

आठवडा संपता संपता एर्गाश-अका चायखान्यात उभा राहून चहा प्यायला लागला. कुणी विचारलं तर म्हणे, "बसून बसून कंटाळा आला." ज्या माणसाला बसायला सांगावं लागत नसे, त्याचं हे उत्तर ऐकून मंडळींनी पेले खाली ठेवले. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला कळलं होतं. घरात झुम्रादने आयोडीनची जाळी काढली. जाळीला गुण येईना म्हणून कोबी बांधला. कोबी गरम होऊन शिजल्यासारखा झाला, तेव्हा भाजलेला कांदा आला. कांद्यावर मेंढीच्या शेपटाची चरबी आली. "आता थोडे तांदूळ घाल," एर्गाश-अका उशीत तोंड खुपसून म्हणाला, "म्हणजे लग्नाला मलाच वाढता येईल."

लग्न पुढच्या रविवारी होतं. रेशमाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. सगळं शहर येणार होतं.

मस्तुराला ही बातमी ओइदिन-बुवीने आणून दिली. ओइदिन-बुवी म्हणजे मोहल्ल्याची आजी. तिच्याकडे बातमी गेली की ती बातमी राहत नाही, इतिहास होतो. ती उंबऱ्यावर बसली, चहाला नको म्हणाली, दोन पेले प्यायली आणि उसासा टाकला.

"मस्तुरा, लेकी, मनाला लावून घेऊ नकोस. हात कधी ना कधी जड होतोच. माझी आत्या सुईण होती. एक दिवस उठली आणि हात जड. नंतर ती शिवणकाम करायची."

"कोण म्हणतं माझा हात जड झाला?"

"मी नाही बाई. झुम्राद म्हणते. आणि फाटकाशेजारची म्हणते. आणि ती बेकरीवाली. मी कुठं म्हणते? मी तर म्हटलं, नजर लागली असेल. कुणाच्या मयतीला जाऊन आलीस का तू, न धुता?"

"मी धुतल्याशिवाय कुठंच जात नाही, बुवी."

"तेच म्हटलं मी. मग म्हटलं, धुऊन जर असं होत असेल, तर हातच जड."

या तर्काला उत्तर होतं. एक वाक्य, त्यात एकच शब्द महत्त्वाचा, आणि तो शब्द पंचा. मस्तुराच्या जिभेवर तो आला, तिने चहासोबत गिळला. ओइदिन-बुवीच्या कानात 'पंचा' पडला असता, तर दुपारच्या नमाजापर्यंत एर्गाश-अकाच्या कढईत काय काय सापडलं हे तीन मोहल्ल्यांना कळलं असतं, आणि रेशमाच्या व्यापाऱ्याने नमंगानहून आचारी बोलावला असता. आचाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे लोकांनी त्याच्या हाताकडे न पाहता जेवणं. शिवाय, हे मस्तुराने स्वतःशीही फार हळू आवाजात कबूल केलं, पंचा त्याने दिला हे खरं. पण पुसले कुणी?

दुसऱ्या दिवसापासून दार वाजेना. पेटी कोनाड्यात तयार, सामोवर तापलेला, आणि गल्लीतून माणसं हळूच चालली आहेत, खिशात लाल कुप्यांचा डबा, शेजारच्या मोहल्ल्याकडे. दारासमोरून जाताना ती पलीकडच्या भिंतीकडे बघत. समितीचे अध्यक्ष तर भिंतीकडे बघता बघता सायकलीला धडकले.

"आई," नाफिसा म्हणाली, "कोबी आणू का? आता आपल्याला टोमण्याची भीती नाही."

मस्तुराने तिच्याकडे असं पाहिलं, की नाफिसा दोन दिवस स्वतःहून भांडी घासत राहिली. पण त्याच संध्याकाळी तिनेच सासूसमोर चहा ठेवला आणि विचारलं, "खरंच काय झालं होतं त्या दिवशी?"

"काही नाही. मान दिला त्याने."

"मग?"

"मग मी घेतला," मस्तुरा म्हणाली, आणि पेटी उचलून निघाली.

एर्गाश-अका पालथा पडला होता. खोलीत कांद्याचा, चरबीचा आणि तापाचा वास. मस्तुराने चरबी दूर केली, जाळीच्या खाली बघितलं. लाल, ताठ, चकाकणारं, मध्ये मऊ. बोट लावायच्या आधीच एर्गाश-अका, म्हणजे आता मोहल्ल्याचा उस्ताद, ओरडला. असं गळू तिने गिरणीत पाहिलं होतं, कामगार लपवून ठेवत तेव्हा. त्यातल्या एकाला पुढे कबरस्तानात पोचवलं होतं, तेही तिने पाहिलं होतं.

"उस्ताद, उठा. सर्जनकडे."

"रविवारी लग्न आहे, ओपा. सोमवारी जाऊ."

"सोमवारी लोक येतील तुमच्याकडे. पुलाव दुसरा कुणीतरी करेल."

एर्गाश-अकाने मान वळवून पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. खुंटीवर पंचा लोंबत होता, आणि ती बोलताना त्याच्याकडे बघत होती.

"लोक म्हणतील, एर्गाश सडला," तो हळूच म्हणाला. "सर्जन कापणार, पू निघणार, सगळा दवाखाना बघणार. मग माझ्या हातचं कोण खाईल?"

"लोक म्हणतील, मस्तुराचा हात जड झाला. ते म्हणतच आहेत. त्यात तुमचं काय जातंय? मी येते बरोबर. सगळ्यांना दिसू दे, कुणी केलं ते."

झुम्राद दारातच उभी होती. "मी काही तसं म्हटलं नव्हतं, ओपा," ती म्हणाली. "मी एवढंच म्हटलं की..."

"कळलं मला एवढंच किती होतं ते. बूट आण त्यांचे."

सर्जन तरुण होता, झोपेला मुकलेला, आणि त्याच्या आईला मस्तुरानेच वर्षानुवर्षं टोचलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने चिरा दिला. काय निघालं त्याचं वर्णन इथे नको. एर्गाश-अकाने मात्र पुढे पुष्कळांना पुष्कळदा ऐकवलं, जेवताना नव्हे. पट्टी बांधता बांधता सर्जनने विचारलं, "कुणी टोचलं होतं?"

"मी," मस्तुरा म्हणाली.

"हात धुता का?"

"साबणाने. कोपरापर्यंत."

"पुसता कशाला?"

खोलीचं दार उघडं होतं. दारात झुम्राद, आणि तिच्या मागे बाकावर मर्गिलान बसलेलं. त्यात बेकरीवाली होती, फाटकाशेजारची होती, आणि रक्तदाब मोजायच्या निमित्ताने ओइदिन-बुवीही होती. सगळ्यांचे कान दारात. टेबलावर एर्गाश-अका पालथा, त्याचा श्वाससुद्धा थांबलेला. निदान मस्तुराला तसं वाटलं.

"वाऱ्यावर," ती म्हणाली.

"वाऱ्यावर वाळवले असते, तर एवढं झालं नसतं," सर्जन म्हणाला. "म्हणजे एकतर तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर धुतच नाही. आजी, सुई ठेवा आता. नातवंडं सांभाळा."

मस्तुराने मान खाली घातली. बाहेर बाकावर कुणीतरी जिभेने च्‌ च्‌ केलं. आवाज ओळखीचा होता.

परतताना टॅक्सीत एर्गाश-अका मागच्या सीटवर आडवा, डोकं झुम्रादच्या मांडीवर. मस्तुरा पुढे. तिला वाटत होतं, तो आता काहीतरी म्हणेल. उपकार म्हणायचा नाही कदाचित, पण समजलं एवढं तरी. तोही बराच वेळ काहीतरी म्हणायच्या तयारीत होता. पूल ओलांडल्यावर त्याने घसा साफ केला.

"ओपा, रागावू नका. पण एक बोलतो."

"बोला."

"वाऱ्यावर कसं म्हणालात तुम्ही? पंचा दिला होता मी. माझ्या हाताने. उस्तादाचा." त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "डॉक्टरला वाटलं असेल, एर्गाशच्या घरी हात पुसायला पंचासुद्धा नाही. सगळे ऐकत होते."

मस्तुराने समोर रस्त्याकडे बघितलं. एक गाढव तुतीच्या फांद्या घेऊन चाललं होतं आणि कुणाच्या मताची पर्वा करत नव्हतं. तिला हसू यायला लागलं, आणि ते तिने खोकल्यात बसवलं.

"चुकलं, उस्ताद," ती म्हणाली. "डॉक्टरसमोर घाबरले."

"हरकत नाही," एर्गाश-अका उदारपणे म्हणाला. "पुढच्या वेळी पुन्हा देईन."

पुढची वेळ रविवारी आली.

सर्जनने पुवावर उपाय म्हणून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं लिहिली होती, दुसऱ्या बाजूला, आणि ती दवाखान्यातच घ्यायची असं बजावलं होतं. शनिवारपर्यंत एर्गाश-अकाने घेतलीही. तिथल्या नर्सचा हात त्याच्या मते विळ्यासारखा होता. पण रविवारी पहाटेपासून तो कढईपाशी उभा. दवाखाना दूर, तांदूळ घातलेला, आणि तांदूळ घातल्यावर आचाऱ्याने कढई सोडायची नसते. बायको बाळंत होत असली तरी नाही. अंगण पुरुषांनी भरलेलं, भिंतीलगत आणि गच्चीवर बायका, व्यापारी हात चोळत फिरणारा. एर्गाश-अकाने झाकण ठेवलं, वाफ धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मस्तुरा-ओपाला बोलवा. माझी सुईची वेळ झाली."

"एर्गाश, वेड लागलं का?" ओइदिन-बुवी गच्चीवरून ओरडली. "तिनेच तर केलं हे!"

"तीच निस्तरेल. नर्सच्या हाताने मी आणखी एकदा घेणार नाही."

मस्तुरा आली. पेटी तीच, झगा इस्त्रीचा. मंडळी वाट करून देत होती, ती मानाने की भीतीने हे सांगणं कठीण. एर्गाश-अकाने स्वतः झारी उचलली. तस्त आणवलं. तिने साबण लावला, नखं घासली, कोपरापर्यंत धुतलं, सगळ्यांच्या देखत, सावकाश. आणि धुऊन होतं न होतं तोच एर्गाश-अकाने झारी ठेवली. टॅक्सीतला सल त्याच्या मनात होता. आज तो भर लग्नात भरून निघणार होता. उजवा हात डाव्या खांद्याकडे गेला. पहाटेपासून त्या पंच्याने मांस पाहिलं होतं, चरबी पाहिली होती, घाम पाहिला होता.

घेतला, तर दुसऱ्या बाजूलाही गळू. आणि मग सुई कायमची कोनाड्यात. नाही घेतला, तर उस्तादाचा अपमान, आचाऱ्याचा अपमान, आणि ओइदिन-बुवी 'का नाही घेतला?' हा प्रश्न सुटेपर्यंत जेवणार नाही.

पंचा खांद्यावरून निम्मा उतरला होता. मस्तुराने ओले हात छातीसमोर वर केले, तळवे आकाशाकडे, आणि मोठ्याने दुवा मागायला सुरुवात केली.

दुवा सुरू झाली की मर्गिलानमध्ये कुणीही जे काही करत असेल ते सोडून हात वर करतो. अंगणातले सगळे हात वर गेले. गच्चीवरचे गेले. एर्गाश-अकाचे दोन्ही हात वर गेले, आणि पंचा निम्म्यात, काखेत अडकून राहिला.

मस्तुराने वधूवरांसाठी मागितलं. त्यांच्या आईवडिलांसाठी. कढईसाठी, आणि कढई सोपवणाऱ्या उस्तादाच्या आत्म्यासाठी. इथे एर्गाश-अकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहल्ल्यातल्या मयतांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी. वसंताचा वारा बरा होता, पण तिच्या बोटांच्या फटी अजून ओल्या होत्या, म्हणून तिने रेशमाच्या किड्यांसाठी मागितलं. व्यापारी जोराने "आमीन" म्हणाला, पण तिने हात खाली घेतले नाहीत, त्यामुळे कुणालाच घेता आले नाहीत. उजव्या करंगळीशी थोडी ओल होती. तेव्हा बंद पडलेल्या गिरणीच्या माजी संचालकांसाठीही मागून झालं, जे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

मग हात वाळले, आणि सवयीने ते चेहऱ्याकडे निघाले. दुवा संपली की दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे, जन्मभराची सवय. नाकापासून चार बोटांवर तिने ते थांबवले. अंगण तिच्याकडे बघत राहिलं, हात हवेत.

"आमीन सुई झाल्यावर," मस्तुरा म्हणाली. "चला, उस्ताद."

"असं कुठं असतं?" गच्चीवरून ओइदिन-बुवी.

"आमच्याकडे असतं, बुवी," खालून नाफिसा म्हणाली. "हात खाली घेऊ नका, मध्ये तुटेल."

आतल्या खोलीत, वाळलेल्या हातांनी, मस्तुराने कुपी फोडली, सुई बसवली, बोळा भिजवला, टोचलं. बाहेर तीन-चारशे पुरुष आकाशाकडे तळवे करून उभे होते आणि कढईतून जिऱ्याची वाफ निघत होती. दोघं बाहेर आली. एर्गाश-अका थोडा चक्रावलेला दिसत होता.

"झालं?" कुणीतरी विचारलं.

"मलाही हेच विचारायचं होतं," तो म्हणाला.

मस्तुराने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "आमीन," म्हणाली. अंगणभर आमीन झालं आणि हात खाली आले. काही जणांना खांदे चोळावे लागले. पुलाव उत्तम झाला होता. शेवटी व्यापाऱ्याने रिवाजाप्रमाणे आचाऱ्याला मानाच्या गादीवर बसायचा आग्रह केला, तेव्हा एर्गाश-अकाने नवस सांगितला, की या लग्नात उभ्यानेच खाईन. मंडळींनी त्या नवसाचा आदर केला आणि ती मिशीत हसली.

जखम भरली. गाठ झाली नाही, ताप आला नाही. एर्गाश-अका बसायला लागला. ओइदिन-बुवीने इतिहास दुरुस्त केला: मस्तुराचा हात जड झाला नव्हताच, फक्त दुवा आधी संपत होती, म्हणून गुण बाहेर सांडत होता, आता सुई दुवेच्या पोटात असते, म्हणून सांडत नाही. दार पुन्हा वाजायला लागलं. समितीचे अध्यक्ष पहिल्याच दिवशी आले, सायकल बाहेर लावून. शेजारच्या मोहल्ल्यातली ती बाईही आता म्हणे हात वर करून उभी राहते, पण तिचं आटोपशीर असतं, आणि लोक म्हणतात की तिच्याकडे अजून थोडा कोबी लागतो.

उपरोक्त सर्व बाबी विचारात घेता असे प्रमाणित करण्यात येते की, नागरिक हाकिमोवा मस्तुरा हिच्याकडून टोचणीपूर्व हस्तप्रक्षालनाची व तदनंतर हस्तशुष्कीकरणाची कार्यवाही विहित पद्धतीने करण्यात येत असून, मोहल्ल्याच्या हद्दीतील स्वच्छताविषयक परिस्थितीत समाधानकारक सुधारणा झालेली आहे.

पंचा अजून एर्गाश-अकाच्या खांद्यावरच आहे.